तयार सुटे भाग : सॉफ्टवेअर जुळवून बांधण्याची पंच्याहत्तर वर्षे

केंब्रिज विद्यापीठातला एडसॅक हा संगणक ६ मे १९४९ रोजी पहिल्यांदा चालला, तेव्हा त्याला भागाकार येत नव्हता. बेरीज, वजाबाकी आणि गुणाकाराच्या आज्ञा यंत्रातच बसवलेल्या होत्या. भागाकार मात्र त्याच आज्ञांची मालिका रचून करून घ्यावा लागे. वर्गमूळ, साइन, लॉगॅरिदम, दशमान आकडे आत घेणे आणि उत्तर छापणे, या सगळ्याची हीच गत होती. प्रत्येक संशोधकाने ही मालिका आपापली लिहायची म्हटले, तर मूळ गणिताला हात घालण्याआधीच बरीच मेहनत खर्ची पडणार होती. शिवाय दरवेळी नव्या चुका होणार, त्या वेगळ्याच. प्रयोगशाळेचे प्रमुख मॉरिस विल्क्स यांना चुकांचा हा धसका त्याच उन्हाळ्यात बसला. यापुढे आयुष्याचा बराच भाग आपल्याच प्रोग्राममधल्या चुका शोधण्यात जाणार, हे तेव्हा कळून चुकल्याचे त्यांनी नंतर आठवणींत सांगितले आहे.

त्यावरचा उपाय विल्क्स यांच्या गटाने लगेच हाती घेतला. वारंवार लागणारे काम एकदाच नीट लिहायचे, तपासायचे आणि ज्याला हवे त्याने ते आपल्या प्रोग्रामात जोडून घ्यायचे. अशा तुकड्याला सबरूटीन म्हणतात. कल्पना ऐकायला सोपी असली तरी तिच्यात दोन अडचणी होत्या, आणि दोन्ही सोडवल्या डेव्हिड व्हीलर या बाविशीतल्या संशोधक विद्यार्थ्याने.

पहिली अडचण परतीची. एकच सबरूटीन प्रोग्रामात चार ठिकाणांहून बोलावले जाते. काम संपल्यावर त्याने परत कुठे जायचे? एडसॅकमध्ये यासाठी काहीही सोय नव्हती. व्हीलर यांची युक्ती अशी, की मुख्य प्रोग्रामने सबरूटीनकडे उडी मारण्याआधी एक आज्ञा अशी द्यायची, जी स्वतःचीच प्रत यंत्राच्या संचायकात घेईल. त्या आज्ञेत तिचा स्वतःचा पत्ता असतोच. सबरूटीन सुरू होताच त्या प्रतीत एक ठरलेला आकडा मिळवायचे. त्यातून परतीच्या उडीची आज्ञा तयार होई आणि ती सबरूटीन आपल्याच शेवटच्या जागी लिहून ठेवी. थोडक्यात, प्रोग्राम चालता चालता स्वतःची शेवटची ओळ बदलत असे. आजच्या प्रोग्रामरला हा प्रकार अघोरी वाटेल, पण तेव्हा त्याने काम भागले.

दुसरी अडचण जागेची. सबरूटीन यंत्राच्या स्मृतीत कधी इथे तर कधी तिथे बसणार, मग त्यातल्या आज्ञांमधले पत्ते आधीच कसे लिहायचे? कागदी पट्टी वाचून प्रोग्राम स्मृतीत भरणाऱ्या सुरुवातीच्या आज्ञाच व्हीलर यांनी नव्याने रचल्या. आज्ञेच्या शेवटी एक अक्षर छापलेले असे. त्यावरून या पत्त्यात सबरूटीनच्या आरंभाचा आकडा मिळवायचा की नाही, हे यंत्र वाचतानाच ठरवी.

मग लायब्ररी उभी राहिली, आणि ती शब्दशः कपाटात. प्रत्येक सबरूटीनची छिद्रे पाडलेली मूळ पट्टी पोलादी कपाटात ठेवलेली असे. लागेल तिची नक्कल यंत्रावर काढून आपल्या प्रोग्रामच्या पट्टीत घ्यायची. वर्गवारी अक्षरांनी केलेली होती. ‘डी’ म्हणजे भागाकार, ‘टी’ म्हणजे त्रिकोणमिती, ‘जी’ म्हणजे विकलक समीकरणे. १९५१ पर्यंत ८७ सबरूटीने तयार झाली होती. त्याच वर्षी विल्क्स, व्हीलर आणि स्टॅनली गिल यांचे प्रोग्रामिंगवरचे पुस्तक निघाले. या विषयावरच्या पहिल्याच पुस्तकांपैकी ते एक, आणि त्याचा मोठा भाग सबरूटीनांनीच व्यापलेला आहे. पुढच्या वर्षी पिट्सबर्गच्या एका परिषदेत व्हीलर यांनी या अनुभवाबद्दल सांगितले. सबरूटीन लिहून, तपासून झाले तरी काम संपत नाही; आत काय आहे हे न पाहताही परक्या माणसाला ते वापरता यावे असे वर्णन लिहिणे बाकी राहते, आणि कदाचित तेच सर्वांत अवघड असते, असे त्यांचे म्हणणे होते. संगणक जेमतेम तीन वर्षांचा असताना केलेले हे निदान नंतरच्या प्रत्येक पिढीला नव्याने करावे लागले.

अटलांटिकच्या पलीकडे ग्रेस हॉपर त्याच दुखण्याशी झगडत होत्या. हार्वर्डच्या मार्क वन यंत्रावर काम करताना प्रोग्रामर मंडळी एकमेकांच्या वहीतून सबरूटीने उतरवून घेत आणि पत्त्यांचे आकडे हाताने वाढवत. नक्कल आणि बेरीज या दोन्ही गोष्टी माणसाला धड जमत नाहीत, हे हॉपर यांनी तिथे पाहिले. युनिव्हॅक या संगणकासाठी १९५२ पर्यंत त्यांनी तयार केलेल्या ए-झिरो या प्रणालीत प्रोग्रामरने फक्त सबरूटीनांचे क्रमांक आणि त्यांना द्यायची माहिती लिहायची. चुंबकीय फितीवरून ती शोधून, पत्ते लावून एकसंध प्रोग्राम करायचे काम यंत्राचे. तिलाच त्यांनी कंपायलर म्हटले. १९५५ साली लॉस एंजेलिस परिसरातल्या आयबीएम ७०४ यंत्राच्या गिऱ्हाइकांनी, त्यात विमाने बनवणाऱ्या कंपन्या पुढे होत्या, ‘शेअर’ नावाची संघटना काढून आपापली सबरूटीने एकमेकांना फुकट द्यायला सुरुवात केली. बाजारात प्रतिस्पर्धी असलेल्या कंपन्यांना साइन काढण्याचा कोड वाटून घेण्यात काही गैर वाटले नाही.

एवढे सगळे असूनही साठच्या दशकाच्या अखेरीस मोठी सॉफ्टवेअरे वेळेत पुरी होत नव्हती आणि झाली तर धड चालत नव्हती. ऑक्टोबर १९६८ मध्ये नाटोच्या विज्ञान समितीने जर्मनीतल्या गार्मिश या आल्प्सच्या पायथ्याच्या गावी या प्रश्नावर परिषद भरवली. ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हे नाव रूढ झाले ते या परिषदेपासून. तिथे बेल लॅब्जचे डग्लस मॅकिलरॉय यांनी घाऊक प्रमाणात बनवलेल्या सॉफ्टवेअर घटकांवर व्याख्यान दिले. हार्डवेअरवाले कारखानदार झाले आणि आपण अजून तुकडाभर जमीन कसणारे शेतकरीच राहिलो, असा त्यांचा सूर होता. सॉफ्टवेअरच्या धंद्यात सुट्या भागांचा उद्योग नाही, ही त्यांची मुख्य तक्रार. इलेक्ट्रॉनिक्सचा अभियंता कॅटलॉग उघडतो, हव्या त्या गुणधर्माचा भाग निवडतो आणि मागवतो. प्रोग्रामरला अशी निवड कुठेच उपलब्ध नाही.

मॅकिलरॉय यांनी उदाहरण घेतले ते साइनचेच. एक साइन रूटीन सगळ्यांना पुरत नाही. कोणाला चार अंकांची अचूकता चालते, कोणाला सोळा हवे असतात. एखाद्याला वेग हवा, तर दुसऱ्याला चुकीची संख्या आली की सावध करणारे रूटीन हवे. दहा प्रकारची अचूकता, संख्या मांडण्याच्या दोन पद्धती, कोनाच्या पाच मर्यादा आणि खबरदारीच्या तीन पातळ्या घेतल्या, तर साइनचीच ३०० रूटीने होतात. ती सगळी कॅटलॉगमध्ये असावीत आणि कोणी माणसाने बसून लिहिलेली नसावीत. मापे दिली की यंत्रानेच ती घडवावीत, असा त्यांचा आग्रह होता. ग्राहकाने वर्णनावर विश्वास ठेवून भाग घ्यावा, आत डोकावण्याची गरजच पडू नये.

हा उद्योग त्या स्वरूपात कधीच उभा राहिला नाही. अपवाद गणिताचा. १९७० साली नॉटिंगहॅममध्ये सुरू झालेला नॅग हा गट आणि पुढे १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेला ब्लास हा मूलभूत रेषीय बीजगणिताच्या रूटीनांचा संच यांनी शास्त्रज्ञांना खरोखरच विश्वासाने वापरता येतील असे भाग दिले. ब्लासची रूपे आजही हवामानाच्या प्रतिमानांपासून कृत्रिम बुद्धिमत्तेपर्यंत सगळीकडे राबत आहेत. याचे कारण सरळ आहे. दोन मॅट्रिक्सच्या गुणाकाराचा अर्थ सॉफ्टवेअरच्या बाहेर, गणितात आधीच पक्का झालेला असतो. ‘ग्राहक’, ‘पावती’ किंवा ‘रजा’ या गोष्टींचा अर्थ मात्र दोन कंपन्यांतही एक नसतो. मॅकिलरॉय यांनी साइनचे उदाहरण घेतले, यातच त्यांच्या मांडणीचे बळ होते आणि तिची मर्यादाही.

गंमत म्हणजे भागांचा कारखाना मागणाऱ्या याच माणसाने दुसरी एक गोष्ट मिळवून दिली, आणि ती भागांपेक्षा जोडाची होती. ११ ऑक्टोबर १९६४ च्या एका टिपणात त्यांनी लिहून ठेवले होते, की बागेतली नळी जशी दुसऱ्या नळीला स्क्रूने जोडता येते तसे प्रोग्राम एकमेकांना जोडण्याची काही सोय हवी. बेल लॅब्जमध्ये केन टॉम्पसन आणि डेनिस रिची युनिक्स ही कार्यप्रणाली घडवत होते, तेव्हा मॅकिलरॉय यांनी ही मागणी अनेक वर्षे लावून धरली. १९७३ च्या जानेवारीत टॉम्पसन यांनी पाइप ही सोय युनिक्समध्ये घातली, तीही एका रात्रीत. एका प्रोग्रामच्या तोंडून जे बाहेर पडेल ते थेट दुसऱ्याच्या कानात. दुसऱ्या दिवशी सगळा गट एका ओळीत प्रोग्राम जोडून दाखवण्याच्या नादी लागला होता.

त्यासाठी प्रोग्रामांना शिस्त लावावी लागली. आत येणारा मजकूर कुठून आला याची चौकशी करायची नाही आणि बाहेर सोडताना मथळे, नमस्कार, ‘काम पूर्ण झाले’ असली बडबड करायची नाही, कारण पलीकडे माणूस नसून दुसरा प्रोग्राम असू शकतो. चुका झाल्याचे संदेशही त्याच वाटेने जात, हे फोटोटाइपसेटिंगच्या यंत्रावर लक्षात आले: मजकुराऐवजी चूक झाल्याचा संदेशच सुबक अक्षरांत छापून बाहेर येई. मग चुकांसाठी स्वतंत्र वाट काढली गेली. जोडाचा नियम एकच आणि अगदी साधा होता. साध्या मजकुराच्या ओळी एकामागून एक, बस. हा नियम साइनच्या ३०० प्रकारांपेक्षा जास्त टिकला.

त्याची ताकद १९८६ मध्ये एका जाहीर जुगलबंदीत दिसली. जॉन बेंटली यांनी एका संगणकविषयक नियतकालिकातल्या आपल्या स्तंभासाठी संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांना एक प्रोग्राम लिहायला सांगितला: मजकूर वाचून सर्वांत जास्त वेळा आलेले शब्द त्यांच्या संख्येसह छापायचे. नूथ यांनी पास्कल भाषेत, नव्याने रचलेल्या सुंदर माहितीरचनेसह, पानेच्या पाने भरणारा प्रोग्राम दिला. समीक्षक म्हणून मॅकिलरॉय यांना बोलावले होते. नूथ यांच्या कारागिरीचे मनापासून कौतुक करून झाल्यावर त्यांनी तेच काम करणारी सहा आज्ञांची पाइपलाइन मांडली. पहिल्या आज्ञेने मजकुरातला प्रत्येक शब्द स्वतंत्र ओळीवर आणला, दुसरीने सगळी अक्षरे लहान लिपीत केली, तिसरीने शब्द अकारविल्हे लावले, चौथीने सारखे शब्द एकत्र करून मोजले, पाचवीने संख्येनुसार उलट्या क्रमाने रचले आणि सहावीने हवे तेवढे वरचे ठेवून बाकीचे टाकून दिले. सहांपैकी एकही आज्ञा या कामासाठी लिहिलेली नव्हती. नूथ यांच्यावर थोडा अन्याय झाला, हे खरे. त्यांना मागितले होते ते लेखनशैलीचे प्रात्यक्षिक. पण मुद्दा पोचला.

मोठ्या प्रोग्रामांसाठी मजकुराच्या ओळी पुरेशा नव्हत्या. प्रोग्रामचे तुकडे कुठे पाडायचे, यावर डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये लिहिलेला निबंध सगळ्यांत जास्त उपयोगी ठरला. तुकडे कामाच्या टप्प्यांनुसार पाडू नयेत. पुढे बदलण्याची शक्यता असलेला प्रत्येक निर्णय एकेका तुकड्यात दडवून ठेवावा, म्हणजे तो बदलला तरी शेजाऱ्याला पत्ता लागत नाही, असे ते सांगतात. दरम्यान जपानने मॅकिलरॉय यांच्या कारखान्याचा शब्दशः अर्थ घेतला. हिताचीने १९६९ मध्ये आणि तोशिबाने १९७७ मध्ये, फुचू इथे, सॉफ्टवेअरचे कारखाने काढले. तोशिबात प्रकल्पप्रमुखांना उत्पादकतेची उद्दिष्टेच अशी दिली जात, की जुना कोड वापरल्याशिवाय ती गाठता येऊ नयेत. वीजकेंद्रांच्या नियंत्रणासारख्या, एकाच साच्याच्या कामात हे चांगले जमले.

भाग विकण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेत ब्रॅड कॉक्स यांनी केला. नॉर्वेत ओले-योहान दाल आणि क्रिस्टेन नायगार्ड यांनी सिम्युला भाषेत आणलेला आणि झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत स्मॉलटॉकमध्ये फुललेला ‘ऑब्जेक्ट’, म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामे एकत्र बांधलेला तुकडा, कॉक्स यांनी सी भाषेवर कलम केला, ती ऑब्जेक्टिव्ह-सी. टॉम लव्ह यांच्यासोबत काढलेल्या कंपनीतर्फे ते ऑब्जेक्टचे संच ‘सॉफ्टवेअर-आयसी’ या नावाने विकू लागले. आयसी चिपसारखेच हे भाग, वर्णनाची पाने वाचून आपल्या जुळणीत बसवायचे. भाषा स्टीव्ह जॉब्ज यांच्या नेक्स्ट कंपनीने उचलली. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस पहिला वेब ब्राउझर काही आठवड्यांत लिहिला तो नेक्स्टच्याच यंत्रावर. मजकूर दाखवणे आणि संपादित करणे हे काम करणारा ऑब्जेक्ट तिथे तयार मिळाला होता.

कॉक्स यांचा धंदा मात्र फळला नाही. चिप विकली की ती हातातून जाते, दुसरी हवी तर पुन्हा पैसे पडतात. सॉफ्टवेअरच्या भागाची नक्कल फुकट होते, मग तो बनवणाऱ्याने पोट कशावर भरायचे? भाग कितीही वाटले जावोत, पैसे वापराप्रमाणे मीटरवर मोजावेत, ही कल्पना त्यांनी १९९६ च्या पुस्तकात मांडली. ती तेव्हा कोणी मनावर घेतली नाही. आज इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या सेवा नेमक्या तशाच मोजल्या जातात.

भागांचा खराखुरा बाजार भरला तो विद्वानांनी नाके मुरडलेल्या ठिकाणी. मायक्रोसॉफ्टचे व्हिज्युअल बेसिक १९९१ मध्ये आले. त्यात व्हीबीएक्स नावाची एक फाइल जोडली की डावीकडच्या पेटीत नवे चिन्ह दिसू लागे. ते उचलून फॉर्मवर टाकायचे, रंग, मथळा, आकार हे गुणधर्म बाजूच्या तक्त्यात भरायचे आणि क्लिक झाल्यावर काय करायचे तेवढे चार ओळींत लिहायचे. कोष्टके, आलेख, मोडेमशी बोलणे, मजकूर छापणे, असे शेकडो भाग छोट्या छोट्या कंपन्या विकू लागल्या आणि प्रोग्रामरांच्या मासिकांची पाने त्यांच्या जाहिरातींनी भरली. मुंबई-पुण्यातल्या संगणक क्लासांच्या पाट्यांवरही ‘व्हीबी’ झळकू लागले ते याच दशकात. ऑब्जेक्टच्या मोठमोठ्या घोषणांना जमले नाही ते या साध्या भागांनी करून दाखवले, असा निर्वाळा ‘बाइट’ मासिकाने १९९४ मध्ये दिला.

या बाजाराला दोन गोष्टी भोवल्या. व्हीबीएक्सची घडण १६ बिटांच्या विंडोजला बांधलेली होती. ३२ बिट आले तेव्हा सगळे भाग नव्या साच्यात पुन्हा ओतावे लागले. आणि एका सॉफ्टवेअरने बसवलेली सामाईक फाइल दुसरे सॉफ्टवेअर जुन्या आवृत्तीने झाकून टाकी, की पहिले बंद पडे. विंडोज वापरणाऱ्यांनी या प्रकाराला ‘डीएलएल हेल’ असे नाव दिले होते. मोठ्या कंपन्यांनी मांडलेले कॉर्बा आणि ओपनडॉकसारखे भाग जोडण्याचे भव्य आराखडे याच काळातले. ओपनडॉकचे काम ॲपलने १९९७ मध्ये थांबवले आणि कॉर्बा बँका-टेलिफोन कंपन्यांच्या पोटात राहिले.

जुना, तपासलेला भाग नव्या जागी बसवल्यावर काय होऊ शकते, हे ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू तळावर दिसले. एरियान ५ या नव्या युरोपीय अग्निबाणाचे ते पहिलेच उड्डाण होते. अग्निबाण कुठे आणि कसा वळला आहे हे सांगणारी प्रणाली एरियान ४ वरून घेतली होती. तिथे ती वर्षानुवर्षे बिनतक्रार चालली होती. तिच्यात उड्डाणापूर्वी दिशा जुळवण्याचा एक भाग होता, आणि तो उड्डाणानंतरही सुमारे ४० सेकंद चालू राहत असे. उलटी गिनती शेवटच्या क्षणी थांबली तर पुन्हा सगळे जुळवत बसावे लागू नये, म्हणून एरियान ४ मध्ये केलेली ही सोय होती. एरियान ५ ला तिची गरजच नव्हती.

त्या भागात एक दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बदलली जाई. संख्या फार मोठी झाली तर काय, याचा विचार एरियान ४ च्या अभियंत्यांनी केला होता. धोक्याच्या सात राशींपैकी चारांना त्यांनी संरक्षण दिले; तीन तशाच सोडल्या, कारण प्रोसेसरवर भार पडत होता आणि त्या अग्निबाणाच्या मार्गात या राशी तेवढ्या वाढणेच शक्य नव्हते. त्यांचा हिशेब चोख होता. पण एरियान ५ चा आडवा वेग सुरुवातीलाच खूप जास्त होता. उड्डाणानंतर सुमारे ३७ सेकंदांनी संख्या मावेनाशी झाली आणि या प्रणालीचा राखीव संगणक बंद पडला. पाठोपाठ सेकंदाच्या विसाव्या भागात मुख्यही, कारण दोन्हींत सॉफ्टवेअर एकच. बंद पडताना त्याने जो निदानाचा संदेश पाठवला, तो अग्निबाण चालवणाऱ्या संगणकाने उड्डाणाची खरी आकडेवारी समजून वाचला आणि नळकांडी टोकापर्यंत वळवली. अग्निबाण हवेतच मोडला. सोबत क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह गेले. जॅक-लुई लियाँ यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी मंडळाला आढळले, की ही प्रणाली एरियान ५ च्या उड्डाणमार्गाची माहिती देऊन कधी तपासलीच नव्हती. आयफेल भाषेचे कर्ते बर्ट्रंड मेयर यांनी यावर लिहिताना बोट ठेवले ते करारावर: ‘ही संख्या अमुक मर्यादेतच राहील’ ही अट कोडला चिकटवून लिहिलेली नव्हती, कागदपत्रांत कुठेतरी होती, आणि भाग उचलताना ती मागे राहिली.

तोवर भाग मिळवण्याची रीत मुळातच बदलू लागली होती. १९९५ मध्ये पर्ल भाषेच्या स्वयंसेवकांनी सीपॅन हे भांडार उघडले. कोणीही आपला भाग तिथे ठेवावा, कोणीही फुकट न्यावा, कोड उघडा. कॉक्स यांना सतावणारा पैशाचा प्रश्न इथे सुटला नाही, बाद झाला. प्रत्येक भागासोबत चाचण्या येत आणि बसवताना त्या आपोआप चालवल्या जात. व्हीलर यांना हव्या असलेल्या वर्णनाचा निदान काही भाग असा यंत्राने तपासता येऊ लागला. मग प्रत्येक भाषेची अशी भांडारे निघाली. जावासाठीच्या मेव्हनने २००५ मध्ये आणखी एक पाऊल टाकले: मागितलेल्या भागाला जे भाग लागतात, आणि त्यांना जे लागतात, ते सगळे तो आपणच आणू लागला. २०१० मध्ये जावास्क्रिप्टसाठी एनपीएम आले आणि काही वर्षांतच त्याच्यातली पॅकेजे (तिथे भागांना हेच नाव) दहा लाखांच्या पुढे गेली. मॅकिलरॉय यांचा कॅटलॉग अखेर भरला होता. फक्त भागांची प्रतवारी करणारे त्यात कोणी नव्हते.

पॅकेजे किती लहान झाली होती, हे २२ मार्च २०१६ रोजी कळले. ‘लेफ्ट-पॅड’ हे पॅकेज ११ ओळींचे. काम एवढेच, की दिलेला मजकूर ठरावीक लांबीचा होईपर्यंत डावीकडे रिकाम्या जागा किंवा शून्ये भरायची. ५ चे ००५ करायचे. पॅकेजच्या एका नावावरून झालेल्या वादात त्याच्या लेखकाने आपली अडीचशेहून अधिक पॅकेजे एनपीएमवरून काढून घेतली, त्यात हेही गेले. बॅबेल आणि रिॲक्टसारख्या साधनांच्या अवलंबनाच्या साखळीत ते कुठेतरी खोल दडले होते. जगभरच्या कंपन्यांत सॉफ्टवेअरची बांधणी अडली, आणि अडलेल्या बहुतेकांनी ते नाव तोवर ऐकलेही नव्हते. एनपीएमने दोन-एक तासांत ते पॅकेज परत ठेवले आणि काढून घेण्याचे नियम कडक केले.

२०२१ च्या डिसेंबरातले लॉग४जे प्रकरण याहून गंभीर होते. प्रोग्राम चालताना नोंदी लिहून ठेवणारा हा जावाचा भाग मोजके स्वयंसेवक सांभाळत. नोंदीच्या मजकुरात विशिष्ट खुणा आढळल्या तर तो त्यांचा अर्थ लावून दूरच्या सर्व्हरकडे चौकशी करी. २०१३ मध्ये घातलेली ही सोय फारशी कोणाच्या लक्षात नव्हती. त्यामुळे माइनक्राफ्ट या खेळाच्या गप्पांच्या चौकटीत एक ओळ टंकली, तरी पलीकडच्या सर्व्हरवर परका कोड चालवता येत होता. दुरुस्ती काही दिवसांत आली. संस्थांची खरी धांदल उडाली ती हा भाग आपल्याकडे आहे की नाही हे शोधताना, कारण तो विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या आत, त्यातल्या दुसऱ्या भागाच्या पोटात असे.

मार्च २०२४ मध्ये तर भाग सांभाळणाऱ्यालाच गाठले गेले. फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या भागाचा एकटा, थकलेला सांभाळकर्ता मदतनीस शोधत होता. टोपणनावाने आलेल्या एकाने दोन वर्षांहून अधिक काळ इमानेइतबारे काम करून विश्वास मिळवला आणि मग नव्या आवृत्तीत चोरदरवाजा घातला. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रावर दूरस्थ लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे हे खटकले, त्याने माग काढला आणि २९ मार्चला प्रकार उघड झाला. ती आवृत्ती तोवर बहुतेक सर्व्हरांवर पोचली नव्हती.

सरकारांनी यावर धरलेला मार्ग भागांच्या यादीचा आहे. मे २०२१ च्या आदेशाने अमेरिकेने सरकारला सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांकडून अशा याद्या मागायला सुरुवात केली. भारतात सेबीने ऑगस्ट २०२४ मध्ये सायबर सुरक्षेच्या चौकटीत शेअरबाजाराशी संबंधित संस्थांना महत्त्वाच्या प्रणालींसाठी ही यादी ठेवायला सांगितले, आणि ऑक्टोबरमध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने ती कशी करावी याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. यादीत प्रत्येक भागाचे नाव, आवृत्ती, पुरवठादार, परवाना आणि तो कोणत्या भागांवर अवलंबून आहे हे लिहायचे असते. एखाद्या भागात दोष असल्याचे जाहीर झाले, की तो कोणकोणत्या प्रणालींत आहे हे त्यावरून काढता येते. भाग कोण सांभाळतो आणि त्याला कोणाची साथ आहे, यासाठी मात्र यादीत रकाना नाही.